ताग्याची पावती

भिवंडीतल्या एका कापडाच्या पेढीचं जुनं सॉफ्टवेअर माझ्या गळ्यात पडलं ते 2017 च्या उन्हाळ्यात. 1 जुलैला जीएसटी लागणार होता. प्रोग्रॅम जावातला, 2004 चा. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला. आत क्लासची उतरंड होती: 'माल', त्याखाली 'कापड', त्याखाली 'ग्रे कापड', म्हणजे मागावरून उतरलेलं कोरं कापड.

मजुरी काढणारी मेथड शेवटच्या दोन्ही क्लासमध्ये होती आणि ओळी जवळपास सारख्याच. एकच काम दोनदा लिहिलेलं दिसलं की आमच्या धंद्यातल्यांचे हात शिवशिवतात. खालच्या क्लासला वरचीच मेथड चालते, म्हणून खालची मी पुसली आणि स्वतःवर खूश झालो.

आठवड्याभरात एक लूमवाला बिल घेऊन आला. 52 पीक कापड, म्हणजे इंचात 52 आडवे धागे. पिकाला दहा पैसे, म्हणून मीटरला 5.20 रुपये. 101.50 मीटरच्या ताग्याचे झाले 527.80. असे साठ तागे. माझं बिल 31,668 चं, तो म्हणे 31,680. बारा रुपयांसाठी एवढा तमाशा? पेढीचा हिशेब बघणाऱ्या मुनीमजींनी चष्म्यावरून पाहिलं. "साहेब, पावती ताग्याची असते. तागा रुपयात पुरा करायचा, मग बेरीज." पुसलेल्या ओळींत नेमकं तेवढंच होतं.

जुन्या कोडमधली ओळ विचित्र दिसली तर ती आधी कोणाच्या तरी व्यवहाराची समजा, मग चुकीची. मायकेल फेदर्स यांनी जुन्या कोडवरच्या 2004 च्या पुस्तकात सांगितलेला उपाय मी तेव्हा नुसता वाचून ठेवला होता: प्रोग्रॅम आज जे उत्तर देतो, बरोबर असो वा चूक, त्याचीच चाचणी आधी लिहा. आता मी जुनी दोन-तीनशे बिलं नव्या कोडमधून काढतो आणि पैशापैशाने ताडून बघतो. कंटाळवाणं काम आहे. वापरणाऱ्याच्या शेजारी बसून त्याला बिल करून दाखवायला लावणं मात्र मजेचं. डिमेयर, द्युकास आणि निअरस्ट्राझ यांच्या जुने प्रोग्रॅम सुधारण्यावरच्या 2002 च्या पुस्तकातही हे सांगितलेलं आहे. मुनीमजी बिल करताना जे पुटपुटतात, ते कुठल्याच कागदावर नसतं.

उतरंडीत आणखी एक मजला चढवण्याचा मोहही टाळा. वरच्या क्लासला धक्का लागला की खालचे सगळे हलतात. 1 एप्रिल 2018 पासून पन्नास हजारांवरचा माल राज्याबाहेर न्यायला ई-वे बिल लागू लागलं, तेव्हा मी जुन्या क्लासना हात न लावता वेगळा छोटा प्रोग्रॅम केला. तो तयार बिल वाचतो, एवढंच. बिघडला तर तोच बिघडतो. पेढीचं बिलाचं काम अडत नाही.

छपाईचा भाग अजून 2004 चाच आहे. डॉट मॅट्रिक्सवर कार्बन लावून तीन प्रती निघतात. तिसरी मुनीमजी कपाटात ठेवतात. का, ते विचारल्याशिवाय मी तिकडे वळणार नाही.