अतिसूक्ष्म कण आणि पानांतील अन्ननिर्मिती

सेलूच्या काळ्या जमिनींतील कापसाचीं बोंडें आपण कौतुकानें पाहतों. परंतु त्यांना लागणारें अन्न पानांत तयार होतें. पानांतील हरितद्रव्य सूर्यप्रकाश शोषून घेतें आणि त्याच्या बळावर हवेंतील कार्बन डायऑक्साइड व पाणी यांपासून साखर बनते. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूंत नायट्रोजनचे चार अणू असतात. म्हणूनच नत्र कमी पडलें कीं पान पिवळें पडतें.

मीटरचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे कण पानांच्या रंध्रांतून आंत शिरूं शकतात. सन २०१४ मध्यें अमेरिकेंतील एम. आय. टी. संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या पानांत घातल्या, तेव्हां प्रकाशसंश्लेषणांतील इलेक्ट्रॉनांचा प्रवाह सुमारें ३० टक्क्यांनीं वाढला. उलट, चांदीचे कण अधिक झाल्यास हरितद्रव्य घटतें. तात्पर्य, पदार्थ कोणता व मात्रा किती, यांवर सारें अवलंबून आहे.

सन २०२१ मध्यें 'इफ्को'नें द्रवरूप नॅनो युरिया बाजारांत आणला. अर्ध्या लिटरची बाटली युरियाच्या एका गोणीचें काम करील, असें सांगण्यांत आलें. परंतु पंजाब कृषि विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या प्रयोगांत, युरिया कमी करून ही फवारणी केली असतां, भात व गहू यांचें उत्पन्न घटलेलें आढळलें. कापसाचा निर्णय त्यावरून करूं नये. पालकांनीं चार ओळींस नेहमींचें खत द्यावें, शेजारच्या चार ओळींस नवें द्यावें. मुलांनीं वेचणीच्या वेळीं दोहोंचा कापूस वेगळा तोलावा. तराजू सांगेल तें प्रमाण मानावें.