सैल होणारा बोल्ट : कारणे आणि उपाय

यंत्रविद्या हा केवळ कारखान्यातील माणसांचा विषय, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु घर्षण, उतरते प्रतल आणि उष्णतेने होणारे प्रसरण हे आपल्या पाठ्यपुस्तकातील तीन धडे एका लहानशा बोल्टात कसे एकवटतात, ते पाहण्यासारखे आहे.

गोव्याच्या किनाऱ्यावर लाटा कापीत धावणारी ‘जेट स्की’ आपण पाहिली असेल. हे नाव वस्तुतः कावासाकी कंपनीने १९७३ मध्ये बाजारात आणलेल्या वाहनाचे. पुढे ते त्या साऱ्या जातीलाच चिकटले. तिचे इंजिन बंदिस्त तळात बसविलेले असते आणि जळका वायू बाहेर नेणारी जड एक्झॉस्ट नळी बोल्टांनी इंजिनाला जोडलेली असते. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांत हे बोल्ट कधी कधी पुनःपुन्हा सैल होतात. ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. सांधा उघडला की तप्त वायू व विषारी कार्बन मोनॉक्साइड तळात शिरतो. तेथे पेट्रोलची वाफ साठलेली असल्यास आगीचेही भय असते.

बोल्ट सैल का होतो? आटा म्हणजे दंडगोलाभोवती गुंडाळलेले उतरते प्रतल होय. बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो; ह्या ताणामुळे भाग एकमेकांवर दाबले जातात आणि घर्षण बोल्टाला उतारावरून घसरू देत नाही. परंतु जोडलेले भाग आडवे सरकू लागले, की क्षणभर घर्षणाची पकड सुटते आणि बोल्ट कणाकणाने उलटा फिरतो. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर ह्यांनी १९६९ मध्ये हे प्रयोगाने दाखविले.

दुसरे कारण उष्णता. ५० मिलिमीटर लांबीचा भाग १०० अंश सेल्सिअसने तापला, तर ॲल्युमिनियम सुमारे ०.११५ मिलिमीटर वाढते, पोलाद मात्र ०.०६ मिलिमीटर. ह्या फरकाने मधले गॅसकेट चेपते. निवल्यावर ते पूर्ववत् फुगत नाही आणि बोल्टाचा ताण उणा होतो.

तेव्हा नुसता पाना घेऊन अधिक जोराने आवळणे हा उपाय नव्हे. त्याने बोल्ट कायमचा ताणला जातो किंवा ॲल्युमिनियममधील आटे तुटतात. प्रथम नळीचा आधार तपासावा. टेकूचे रबर फाटले असेल, तर नळीचे सारे ओझे बोल्टांवरच पडते आणि मूळ दोष तेथेच असतो. इंजिनाखालची रबरेही पाहावीत. नंतर बोल्ट काढून आट्यांतील तेल, गंज व जुना चिकट द्रव पुसावा. आटे झिजले असल्यास भोकात तारेच्या वेटोळ्याचा नवा आटा बसवावा. सांध्याचे पृष्ठ सपाट पट्टी लावून पाहावे, गॅसकेट नवे घालावे आणि ताणलेले बोल्ट बदलावेत.

बोल्ट बसविताना उष्णता सोसणारा, आटे धरून ठेवणारा द्रव लावावा. साध्या स्प्रिंग वॉशरचा आडव्या कंपनापुढे फारसा निभाव लागत नाही. त्यापेक्षा पाचरीसारखे दाते असलेल्या वॉशरांची जोडी बरी. मग आघूर्ण मोजणाऱ्या पान्याने, निर्मात्याच्या पुस्तिकेतील आकड्याइतके, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. द्रव वाळू द्यावा. पहिल्या फेरीनंतर इंजिन पूर्ण निवल्यावर पुन्हा तपासणी करावी; मात्र आवळताना बोल्ट फिरलाच, तर द्रवाची पकड तुटली असे समजून तो काढावा, आटे पुसावेत व नवा द्रव लावावा.

सैल झालेला बोल्ट हा बहुधा रोग नसून रोगाचे लक्षण असतो. लक्षण दाबणारा हात पुष्कळांपाशी असतो. कारण शोधणारी दृष्टी अभ्यासाने येते. ती दृष्टी अंगी बाणावी, ह्यासाठीच विज्ञानाचे शिक्षण आहे.