सेबुआनो भाषेतील क्षमेची रूपे आणि सर्वनामांचे कार्य

फिलिपाइन्समधील सेबू व बोहोल ही बेटे, नेग्रोसचा पूर्व भाग आणि मिंदानाओचा मोठा प्रदेश येथे बोलली जाणारी सेबुआनो ही ऑस्ट्रोनेशियन कुळातील भाषा होय. तिचे भाषक तिला बहुधा ‘बिसाया’ असे म्हणतात. ‘मला क्षमा कर’ आणि ‘मी तुला क्षमा केली’ ही दोन वाक्ये या भाषेत कशी घडतात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. परकी भाषा शिकणारा अशा वाक्यांकडे शिष्टाचाराची तयार सूत्रे म्हणून पाहतो आणि ती पाठ करून मोकळा होतो. सेबुआनोच्या बाबतीत हा मार्ग अपुरा ठरतो. कारण येथे क्षमेचा सगळा भाव धातूत नसून त्यातील बराचसा सर्वनामांत साठलेला आहे. मराठी भाषकाला हा भाग इंग्रजी भाषकापेक्षा लवकर उमगण्याजोगा आहे.

क्षमेचा मुख्य शब्द ‘पासायलो’. ‘सायलो’ म्हणजे ओलांडून पलीकडे जाणे. त्याला ‘पा’ हा प्रयोजक उपसर्ग लागून ‘पलीकडे जाऊ देणे’ असा अर्थ सिद्ध होतो. ज्यूंच्या ज्या सणाला मराठी बायबलात ‘वल्हांडण’ म्हटले आहे, त्याला सेबुआनोत ‘पागसायलो’ म्हणतात. दोन्ही शब्दांच्या मुळाशी ओलांडण्याचीच क्रिया आहे. याउलट आपल्या ‘क्षमा’ शब्दातील ‘क्षम्’ धातूचा अर्थ सहन करणे. एका ठिकाणी क्षमा करणारा सोसतो, दुसऱ्या ठिकाणी तो झाले ते पुढे जाऊ देतो. अर्थात व्युत्पत्तीवर फार भार टाकू नये. आजचा सेबुआनो भाषक हा शब्द उच्चारताना वाट मोकळी करून देण्याची प्रतिमा मनात आणतोच असे नाही.

सोसण्याचा अर्थ सेबुआनोत आला तो स्पॅनिशमधून. १५६५ पासून १८९८ पर्यंतच्या स्पॅनिश सत्ताकाळाने दिलेल्या अनेक शब्दांपैकी ‘पासेन्स्या’ हा एक. त्याचा मूळ अर्थ धीर, सहनशीलता. गर्दीत कोणाच्या पायावर पाय पडला किंवा यायला उशीर झाला, की ‘पासेन्स्या’ पुरते. मात्र ज्याचे खरोखर नुकसान केले त्याच्यासमोर तेवढेच म्हटले, तर ते उडवून लावल्यासारखे वाटू शकते. तेथे ‘पासायलोआ को’, म्हणजे ‘मला क्षमा कर’, असेच म्हणावे लागते. मराठीतही ‘माफ’ व ‘क्षमा’ यांच्यात अशी श्रेणी आहे. फरक इतकाच, की आपल्याकडे जड शब्द संस्कृत आणि हलका अरबी, तर तेथे जड शब्द देशी आणि हलका परका. ‘मङायो को ओग पासायलो’ ही रचना तर थेट ‘मी माफी मागतो’ अशीच आहे. ‘मङायो’ आणि ‘मागणे’ यांतील ध्वनिसाम्य मात्र केवळ योगायोगाचे. त्यावरून नाते जोडण्याचा मोह टाळावा.

आता सर्वनामांकडे वळता येईल. ‘को’ हे रूप सेबुआनोत दोन कामे करते. ‘गिपासायलो को निमो’ म्हणजे ‘तू मला क्षमा केलीस’. ‘गिपासायलो को सिया’ म्हणजे ‘मी त्याला क्षमा केली’. एकच ‘को’ पहिल्या वाक्यात क्षमा मिळालेला, तर दुसऱ्यात क्षमा करणारा. शिकणारा अडखळतो तो येथेच. परंतु समोरच्या व्यक्तीला ‘मी तुला क्षमा केली’ असे म्हणताना भाषक सहसा ‘गिपासायलो तिका’ म्हणतो. हे ‘तिका’ म्हणजे ‘ता’ आणि ‘का’ यांचा संयोग. ‘का’ म्हणजे तू. ‘ता’ हे मात्र ‘माझे’ नव्हे. ते ‘नातो’चे, म्हणजे ‘आपले’ या अर्थाच्या रूपाचे लघुरूप आहे. ऐकणाऱ्याला सामावून घेणारे हे अनेकवचन ‘मी’च्या जागी येते. व्याकरणदृष्ट्या हा ‘मी–तू’ संबंधाचा सर्वसाधारण नियम आहे, केवळ क्षमेचा नाही. ‘मी तुला पाहिले’ यातही तो लागू होतो. तरीही क्षमेच्या वाक्यात त्याला जो अर्थ चढतो, तो दुर्लक्षिण्यासारखा नाही.

‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा भेद मराठीत जिवंत असल्यामुळे येथे वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. सेबुआनोत ‘किता’ म्हणजे आपण, ‘कामी’ म्हणजे आम्ही. अनेकांनी मिळून क्षमा मागताना ‘पासायलोआ कामी’ असेच म्हणावे लागते, कारण ज्याच्याकडे क्षमा मागायची तो अपराध्यांत मोडत नाही. उलट क्षमा करणारा जेव्हा ‘कालिमतान ना लाङ नातो’, म्हणजे ‘ते आपण विसरूनच जाऊ’, असे म्हणतो, तेव्हा तो समोरच्याला पुन्हा ‘आपण’मध्ये घेतो. मागणारा ‘आम्ही’ आणि देणारा ‘आपण’ वापरतो. क्षमेचा प्रवास एका सर्वनामापासून दुसऱ्यापर्यंत होतो असे म्हणता येईल.

नकाराची रूपे विशेष काळजीपूर्वक शिकावी लागतात. ‘दिली तिका पासायलोऑन’ म्हणजे ‘मी तुला क्षमा करणार नाही’. हे दार लावून घेणे झाले. ‘वाला पा तिका पासायलोआ’ म्हणजे ‘मी तुला अजून क्षमा केलेली नाही’. क्रिया घडली नसल्याचे सांगताना ‘वाला’नंतर धातू जे ‘आ’कारान्त रूप घेतो, तेच विनंतीतही येते. त्यामुळे ‘पासायलोआ’ हा शब्द याचकाच्या तोंडी असतो, आणि अजून न विरघळलेल्याच्या तोंडीही. ‘दिली’ आणि ‘वाला’ यांची गल्लत झाली, तर ‘अजून वेळ हवा’ म्हणणारा कायमचा नकार देऊन बसतो. जॉन वुल्फ यांच्या सेबुआनो कोशात (१९७२) प्रत्येक धातूच्या प्रत्ययांची सांकेतिक नोंद आहे. पण अशा प्रसंगी कोणता नकार ओठांवर यावा, हे कोशाच्या आधारे साधत नाही.

दोष दोन्हीकडे असेल तेव्हा ‘माग्पिनासायलोआय ता’ असे म्हणता येते. ‘आपण एकमेकांना क्षमा करू’ हा सगळा आशय येथे एका क्रियापदात व एका ‘ता’मध्ये मावतो. अशा दोघांविषयी नंतर शेजारी ‘नाग्काउली ना सिला’, म्हणजे त्यांचा समेट झाला, असे म्हणतात. त्यातील ‘उली’ या धातूचा रोजचा अर्थ घरी परतणे असा आहे.