चौदावा गडी

काल फोनवर तू "ताई, मी ऑनलाइन शर्यतींची लीग काढतेय" म्हणालीस आणि मला हसूच फुटलं. तुला हसले नाही गं. २०२०च्या लॉकडाउनमध्ये हेच वाक्य मी आईला ऐकवलं होतं आणि ती म्हणाली होती, "काढ, पण आधी भांडी विसळ." तेव्हा मला सांगायला कुणी नव्हतं, म्हणून मी प्रत्येक खड्ड्यात पडून पाहिलं. तू निदान माहीत असलेल्या खड्ड्यांत तरी पडू नकोस.

पहिली गोष्ट गाडीची. तू म्हणालीस, "ज्याला जी आवडेल ती प्रोटोटाइप घेऊ दे, मजा येईल." नाही येत मजा. तीन गाड्या ठेवल्यास की पहिल्याच शर्यतीनंतर ग्रुपवर सुरू होतं, "त्याची गाडी सरळ रस्त्यावर पळतेच जास्त." मग तू एकाच्या गाडीत वजन घालणार, दुसरा रुसणार. हे भांडण खऱ्या शर्यतींतही जुनंच आहे. १९९१ साली ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत माझदा ७८७बी जिंकली, तेव्हा रोटरी इंजिनाच्या त्या गाडीला ८३० किलोवर धावायची मुभा होती आणि समोरच्या बड्या गाड्या १,००० किलोच्या होत्या. विजय खराच होता, पण ती वजनाची सूट लोक अजून उगाळतात. तुझ्या बारा-पंधरा पोरापोरींच्या लीगला हा ताप कशाला? सगळ्यांना एकच गाडी दे.

आणि 'असेटो कोर्सा'वर खेळणार असशील, तर मी म्हणेन तीच ७८७बी घे. तो खेळ २०१४चा आहे, त्यामुळे तुझ्या मैत्रिणींच्या लॅपटॉपवरही रडतखडत का होईना चालेल. 'ल माँ अल्टिमेट' हा दुसरा खेळ दिसायला देखणा आहे आणि ल माँच्या आजच्या हायपरकार तिथे आहेत, पण त्याला मशीन दणकट लागतं. गाडी निवडताना तुझा डोळा सॉबर सी९वर असणार, मला ठाऊक आहे, चंदेरी रंगाला तू भुलतेसच. १९८९ची ल माँ तिनेच जिंकली होती, तेव्हा गाडी वाईट नाही. पण तिला दोन टर्बो आहेत. नवखा माणूस वळणातून निघताना पाय दाबतो, क्षणभर काहीच होत नाही, म्हणून तो आणखी दाबतो, आणि मग सगळी ताकद एकदम येते. गाडी गिरकी घेते. ७८७बीला टर्बो नाही. पाय जेवढा दाबशील तेवढीच ती देते. शिवाय तिचा आवाज! चार रोटरचं ते इंजिन किंचाळायला लागलं की शेजारच्या काकू दार वाजवतात. हेडफोन लाव.

मात्र ही गाडी मूळ खेळात नाही, वेगळ्या पॅकमध्ये विकत घ्यावी लागते. मी ते सांगायलाच विसरले होते. शर्यतीच्या संध्याकाळी सहा जण "गाडीच दिसत नाहीये" म्हणत बसले होते. महिनाभर आधी सांग, म्हणजे स्टीमवर सेल लागला की लोक स्वस्तात घेतील. हौशी लोकांनी बनवलेल्या मॉडच्या नादी पहिल्या हंगामात लागूच नकोस. खुद्द ल माँचा ट्रॅक मॉड म्हणूनच मिळतो आणि मोह अनावर होतो, कबूल. पण एकाकडे एक आवृत्ती, दुसऱ्याकडे दुसरी, सर्व्हर जुळणाऱ्यालाच आत घेतो, आणि तू रात्री दहाला लिंका पाठवत बसतेस.

आता ज्यांनी आयुष्यात फक्त रस्त्यावरच्या गाड्या चालवल्यात, त्यांना एक गोष्ट आधीच समजावून सांग. प्रोटोटाइप ही शोरूममध्ये मिळणारी गाडी नाही, ती शर्यतीसाठीच जन्माला येते आणि वाऱ्याच्या दाबाने रस्त्याला चिकटते. वेग जास्त तेवढा दाब जास्त. म्हणजे वेगवान वळणात जो घाबरून मध्येच पाय काढतो, तोच घसरतो. आणि दुसऱ्याच्या शेपटीला लागून वळणात शिरलं की पुढच्याने हवा फाडून ठेवलेली असते, आपल्या पुढच्या चाकांवरचा दाब कमी होतो, गाडी वळायला नकार देते आणि आपण थेट त्याच्या अंगावर. माझ्या पहिल्या हंगामातल्या निम्म्या धडका अशाच होत्या. कुणाच्याही मनात खोट नव्हती, हवेचं गणित ठाऊक नव्हतं एवढंच. हे सांगितलंस तर पुढची बरीच भांडणं जन्मालाच येणार नाहीत.

ट्रॅक निवडताना पहिलं वळण बघ. बाकी सगळं नंतर. मी हौसेने मोंझापासून सुरुवात केली होती. लांबलचक सरळ रस्ता, सगळे तीनशेच्या घरात, आणि समोर चिंचोळं उजवं-डावं वळण. पंधरातले नऊ तिथेच गोळा झाले. स्पाही तसंच, सुरुवातीच्या रेषेपासून जरा पुढे गेलं की ला सूर्सचं केसाच्या पिनेसारखं वळण. तू सिल्व्हरस्टोनपासून सुरू कर. पहिलं वळण वेगवान आहे, रस्ता ऐसपैस आहे, चुकलं तरी बाजूला पळायला जागा आहे. मग मुजेल्लो. स्पा तिसरा-चौथा ठेव, तोवर लोकांना एकमेकांची सवय झालेली असते. न्यूर्बुर्गरिंगची जुनी वीस किलोमीटरची वाट कुणीतरी मागणारच. "पुढच्या हंगामात बघू" म्हण. तिथे दुसऱ्याच मिनिटाला ज्याची गाडी मोडते, तो उरलेला वेळ यूट्यूब बघत काढतो.

आणि इथेच मला तुला जे सांगायचंय ते आहे. लीग जिंकणाऱ्यासाठी काढायची नसते गं. जिंकणारा येतोच, त्याला कुठेही शर्यत चालते. तू चौदाव्याचा विचार कर. साध्या गेमपॅडवर खेळणारा, दिवसभर नोकरी करून आलेला, पहिल्याच फेरीत कुणीतरी ठोकलेला. तो पुढच्या शनिवारी आला नाही, तर तेरावाही हळूहळू गळतो आणि सहाव्या आठवड्याला ग्रिडवर पाच माणसं उरतात. माझी पहिली लीग अशीच संपली. कुणी भांडून गेलं नाही, नुसती येईनाशी झाली.

त्या चौदाव्यासाठी काय करायचं, तर एक लांब शर्यत ठेवण्याऐवजी दोन छोट्या ठेव. वीस मिनिटांची पहिली. दुसरी पंचवीस मिनिटांची, पण तिचं ग्रिड उलटं, पहिल्या शर्यतीत मागे राहिलेले पुढे. असेटो कोर्साच्या सर्व्हरमध्ये ही सोय आयती आहे. पहिलीत ज्याचा चुराडा झाला, तो अर्ध्या तासात सगळ्यांच्या पुढे उभा असतो. पुढे टिकणार नाही, पण दोन फेऱ्या तरी त्याच्या आरशात अख्खी लीग दिसते, आणि त्या दोन फेऱ्यांची गोष्ट तो आठवडाभर सांगतो. गाडीचं नुकसान पूर्ण शंभर टक्के ठेवू नकोस, चाळीसच्या आसपास ठेव. टायर ब्लँकेट चालू ठेव, नाहीतर थंड टायरवर पहिल्या वळणात निम्मी मंडळी गवतात जातात. आपोआप क्लच चालू दे. ट्रॅक्शन कंट्रोल ७८७बीला मुळात नाही, पण नवख्यांनी मागितलं तर सर्व्हरवरून ते सगळ्यांना खुलं करता येतं. जाणकार नाकं मुरडतील, मुरडू देत.

गुणांसाठी फॉर्म्युला वनचा तक्ता वापरू नकोस. तिथे दहाव्याच्या पुढे शून्य. तू शेवटच्यापर्यंत गुण दे, आणि शर्यत पूर्ण केल्याचे दोन वेगळे दे. सहनशक्तीच्या शर्यतींचा मूळ स्वभावही तोच आहे. २०१२ साली करुण चंढोक ल माँला धावला, तिथे धावलेला पहिला भारतीय. त्याची गाडी एकूणात सहावी आली. पुढे ऑडीच्या फौजेशी टक्कर होती, आणि २४ तास गाडी चालती ठेवणं हीच तिथे निम्मी लढाई असते. आणखी एक, हंगामातल्या सहा शनिवारांपैकी कुठल्याही पाचांचेच गुण धर. कुणाचं लग्न असतं, कुणाची परीक्षा. एक शनिवार हुकला म्हणून हंगामच गेला, असं वाटता कामा नये. जो सारखा जिंकतो त्याच्या गाडीत दर विजयामागे दहा किलो घाल, तीसवर थांब. तो कुरकुर करेल, पण आतून सुखावेल.

वेळेचं. शनिवारी रात्री साडेनऊ ठरवलंस ते छान. दुबईतल्या दादाला तेव्हा आठ वाजलेले असतात, जर्मनीतल्या तुझ्या मैत्रिणीला संध्याकाळचे सहा, न्यू जर्सीच्या मामेभावाला भर दुपारचे बारा. पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपची घड्याळं तासभर मागे जातात आणि अमेरिकेची त्यानंतर आठवड्याने. आपली जागची हलत नाहीत. त्या दोन आठवड्यांत कुणीतरी तासभर चुकणारच, म्हणून घोषणा करताना प्रत्येक गावची वेळ लिही. गणपतीत शर्यत ठेवू नकोस. ठेवलीस तर येतील, पण अर्ध्यात आरतीला उठतील.

सर्व्हर घरच्या लॅपटॉपवर चालवायचा नाही. हे मी हात जोडून सांगतेय. माझ्या तिसऱ्या शर्यतीला मी पहिली होते, आयुष्यात एकदाच, आणि आईने गिझर आणि मिक्सर एकदम लावला. एमसीबी पडला. माझ्यासकट पंधरा जण काळोखात. महिन्याला थोडे पैसे देऊन मुंबईतल्या डेटा सेंटरमधला सर्व्हर भाड्याने घे, पिंगही बरा मिळतो, आणि खर्च सगळ्यांत वाटून टाक. बक्षिसाची रक्कम मात्र ठेवू नकोस. शंभर रुपये जरी लागले, तरी माणसं वकील होतात. आणि हंगामाआधी एक खोटी शर्यत घे, गुण नसलेली. काय काय मोडतं ते तिथेच कळतं. तरीही एखाद्या रात्री सर्व्हर बसेलच, तेव्हा रडू नकोस. जानेवारी २०२३मध्ये ल माँच्या अधिकृत ऑनलाइन शर्यतीत खुद्द फॉर्म्युला वनचा मॅक्स वेर्स्टापेन आघाडीवर असताना सर्व्हरवरून बाहेर फेकला गेला होता, आणि ती शर्यत लाल बावटा दाखवून दोनदा थांबवावी लागली होती. तिथे जगभरची व्यावसायिक मंडळी होती. आपण तर चिंचवडच्या बेडरूममध्ये बसलेल्या.

तक्रारींचा नियम एकच ठेव: शर्यतीच्या रात्री कुणी कुणाविरुद्ध बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी रिप्लेचा तुकडा पाठवायचा. रात्री पेटलेल्या दहा तक्रारींपैकी दुपारपर्यंत दोन उरतात, कारण रिप्लेत बऱ्याच जणांना आपलीच चूक दिसते. निकाल तू एकटी देऊ नकोस. तू स्वतः शर्यतीत आहेस, आणि तुझा निवाडा कितीही सरळ असला तरी "तिने स्वतःच्या फायद्याचं बघितलं" असं कुणीतरी म्हणणार. तिघांना बसव, आणि ज्याच्याशी भांडण त्याने त्या दिवशी बाजूला व्हायचं. शिक्षा हलकी ठेव, पुढच्या वेळी ग्रिडवर तीन जागा मागे, एवढंच. वर्गात उभं करायचं नाहीये कुणाला.

मागे एकदा तू विचारलं होतंस, व्हॉइसवर बोलू की नको. बोल. "अरे, मुलगी आहे!" हे पहिल्या दिवशी एकदा तरी ऐकू येईल. एकदा कानाआड कर. दुसऱ्यांदा म्हणाला तर शांतपणे म्यूट, तिसऱ्यांदा बाहेर, आणि त्यावर चर्चा नाही. मी पहिल्या वर्षी हसून वेळ मारून नेली, आणि माझ्या पाठोपाठ आलेल्या दोघीजणी न सांगता निघून गेल्या. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

नियमावली दोन पानांच्या वर गेली की कुणी वाचत नाही, तेव्हा मला पाठवशील तेव्हा आधी अर्धी कापून पाठव. आणि माझी जागा धर. व्हील मी विकून टाकलंय, गेमपॅडवर येईन, सरावही नाही. चौदावी येईन बहुतेक. शनिवारी नऊ वाजल्यापासून आईला गिझरला हात लावू देऊ नकोस.