प्रोसेसर, पिना आणि पेस्ट

कॉम्प्युटर जोडायचे, उघडायचे, धूळ झाडून परत बंद करायचे, हा माझा नव्वदच्या दशकापासूनचा धंदा. प्रोसेसर बसवायची तऱ्हा तेव्हापासून इतकी बदललीय की जुनी सवय नव्या मशीनला कधी कधी घातकच ठरते.

१. जोर लावावा लागला तर थांबायचं, असं मी दुकानातल्या पोरांना सांगतो. २००० साली हे सांगून चाललं नसतं. एएमडीच्या सॉकेट ए मध्ये प्रोसेसरची चिप उघडी असायची, वर धातूचं झाकण नाही. कोपऱ्यांत चार मऊ गाद्या, तेवढाच आधार. हीटसिंकच्या पोलादी पट्टीचं एक टोक सॉकेटच्या दाताला अडकवायचं आणि दुसरं चपट्या स्क्रूड्रायव्हरने खाली रेटायचं. हीटसिंक तिरका झाला की चिपचा कोपरा उडायचा. स्क्रूड्रायव्हर सटकला की मदरबोर्डवरच्या तांब्याच्या बारीक रेषा कापल्या जायच्या. आज इंटेलच्या सॉकेटचा दांडा खाली घेताना कर्र आवाज होतो, तेवढा चालतो.

२. स्लॉट दिसायला झकास होता, टिकला नाही. १९९७ चा पेंटियम टू टीव्हीवरच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटसारखा उभा खोचायचा. कॅशच्या चिपा प्रोसेसरशेजारी वेगळ्या बसवाव्या लागत, म्हणून तो थाट. कॅश मूळ चिपमध्येच मावू लागली आणि परत सॉकेट आलं.

३. पिना प्रोसेसरला असतील, तर हीटसिंक सरळ वर ओढू नका. पेंटियम फोरचं ४७८ सॉकेट असो की परवापरवाचं एएम४, प्रोसेसर आणि हीटसिंकमधली पेस्ट वाळली की दांडा लावलेला असूनही प्रोसेसर हीटसिंकला चिकटून उपटून येतो. मशीन दहा मिनिटं चालवा, पेस्ट गरम होऊ द्या, बंद करून केबल काढा आणि हीटसिंक डावी-उजवीकडे हलकेच फिरवा. सुटला की हाताला कळतं. पिन वाकलीच, तर शिसं भरायच्या पेन्सिलीचं रिकामं टोक तिच्यावर चढवून सरळ करता येते.

४. २००४ साली एलजीए ७७५ आलं आणि इंटेलने पिना मदरबोर्डवर नेल्या. जास्त जोडण्या, जास्त वीज, ही कारणं खरीच. पण दुरुस्तीवाल्याच्या नजरेने बघा: वाकलेल्या पिनेचं दुखणं प्रोसेसरवाल्याकडून बोर्डवाल्याच्या गळ्यात गेलं. एएमडीने नेहमीच्या डेस्कटॉपला हेच २०२२ मध्ये एएम५ आणून केलं. त्यामुळे सॉकेटवरचं प्लॅस्टिकचं झाकण जपून ठेवा. बोर्ड वॉरंटीला पाठवताना लागतं.

५. ७७५ बरोबरच कूलरच्या चार प्लॅस्टिकच्या खुंट्या आल्या. कर्णाने समोरासमोरच्या दोन-दोन दाबायच्या, टक् आवाज ऐकायचा आणि बोर्ड मागून बघायचा: पांढऱ्या पायांच्या फटीत काळी काडी पुरती उतरलेली दिसली पाहिजे. एक जरी अर्धवट राहिली, तरी हीटसिंक त्या बाजूने उचललेला राहतो. वरचा बाण खुंटी सोडवण्यासाठी आहे, बसवण्यासाठी नाही.

६. ‘पीसी स्लो झालाय, फॉरमॅट मारून द्या’ म्हणत कुणी आलं, की मी आधी पंखा बघतो. एएमडीच्या थंडरबर्ड ॲथलॉनचा हीटसिंक निघाला तर प्रोसेसर काही क्षणांत जळायचा. त्याच सुमाराचा पेंटियम फोर वेग कमी करून जीव वाचवायचा, आणि आता सगळेच तसं करतात. म्हणून हल्ली दुखणं लपतं. विंडोज दोनदा टाकून झालेलं असतं आणि हीटसिंकच्या पात्यांत धुळीची गादी तशीच असते.

७. कूलर घेताना भोकांमधलं अंतर विचारा. ७७५ ला ७२ मिलिमीटर, पुढे एलजीए ११५६ पासून १२०० पर्यंत ७५, २०२१ च्या १७०० ला ७८. एएम४ चा कूलर बहुतेक वेळा एएम५ ला बसतो.

८. लिक्विड कूलर सरसकट नको. कोअर आय९ १३९००के पूर्ण जोरात २५३ वॉटपर्यंत जातो, त्याला ठीक. टॅली चालवणाऱ्या ऑफिसला चांगला टॉवर कूलर पुष्कळ झाला. पंखा बिघडताना खडखडून सांगतो, पंप बहुधा गुपचूप जातो. हे सगळं ऐकूनही गिऱ्हाईक काचेच्या कॅबिनेटात रंगीत दिवेच हवेत म्हणून अडून बसलं, तर लावून देतो.