गे-ल्यूसॅक आणि वायूंचे नियम

वायू चिमटीत धरता येत नाही आणि बहुतेक वायू डोळ्यांना दिसतही नाहीत. मग त्यांचे मोजमाप करायचे कसे? ज्या शास्त्रज्ञांनी हे मोजमाप काटेकोर केले, त्यांत फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जोसेफ लुई गे-ल्यूसॅक यांचे स्थान फार वरचे आहे.

त्यांचा जन्म ६ डिसेंबर १७७८ रोजी फ्रान्समध्ये झाला. राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्यांच्या वडिलांना अटक झाली होती. अशा दिवसांतून वाट काढून ते १७९७ मध्ये पॅरिसच्या नामांकित तंत्रशिक्षण संस्थेत दाखल झाले आणि पुढे थोर रसायनशास्त्रज्ञ बर्थोले यांचे सहायक बनले.

वायूचे प्रसरण

वायू तापविला की फुगतो, हे पूर्वीपासून माहीत होते. पण तो किती फुगतो, याविषयी प्रत्येकाचे आकडे वेगळे येत. गे-ल्यूसॅक यांनी याचे कारण शोधले. उपकरणात पाण्याचा अंश राहिला की त्याची वाफ होते व मोजमाप चुकते. त्यांनी उपकरणे आणि वायू पूर्ण कोरडे करून प्रयोग केले. १८०२ मध्ये त्यांनी दाखवून दिले की दाब कायम असेल तर सर्व वायू सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात. आजच्या मोजमापानुसार दर अंश सेल्सिअसला ही वाढ शून्य अंशावरील आकारमानाच्या सुमारे १/२७३ एवढी असते. म्हणजे ० अंशाला २७३ लिटर असलेली हवा २७ अंशाला ३०० लिटर होईल.

याच नियमाला आपण चार्ल्सचा नियम म्हणतो. जाक चार्ल्स यांनी सुमारे पंधरा वर्षे आधी असे प्रयोग केले होते, पण ते प्रसिद्ध केले नव्हते. गे-ल्यूसॅक यांनी आपल्या निबंधात त्याचा उल्लेख स्वतःहून केला. दुसऱ्याचे श्रेय दुसऱ्याला देण्याचा हा प्रामाणिकपणा विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावा.

आकाशातील प्रयोग

उंचावरची हवा जमिनीलगतच्या हवेपेक्षा वेगळी असते काय? हे तपासण्यासाठी १६ सप्टेंबर १८०४ रोजी ते एकटेच हायड्रोजनच्या फुग्यातून सुमारे ७,००० मीटर उंच गेले. तेथे कडाक्याची थंडी होती आणि विरळ हवेत श्वास घेणे कठीण होते. तरीही त्यांनी हवेचे नमुने घेतले. तपासणीत ऑक्सिजनचे प्रमाण जमिनीवरील हवेइतकेच निघाले. उंचावर हवा विरळ होते, पण तिच्यातील घटकांचे प्रमाण बदलत नाही, हे त्यातून कळले.

संयोगाचा नियम

१८०८ मध्ये त्यांनी आपला सर्वांत महत्त्वाचा नियम मांडला. तापमान व दाब समान असता वायू साध्या पूर्णांकी प्रमाणात संयोग पावतात. २ भाग हायड्रोजन आणि १ भाग ऑक्सिजन मिळून २ भाग वाफ होते. १ भाग नायट्रोजन आणि ३ भाग हायड्रोजन मिळून २ भाग अमोनिया होतो.

येथे एक कोडे उभे राहिले. १ भाग ऑक्सिजनपासून २ भाग वाफ झाली, तर ऑक्सिजनचा अणू दुभंगला काय? अणू अविभाज्य मानणाऱ्या डाल्टन यांनी हा नियमच अमान्य केला. १८११ मध्ये इटलीच्या ॲव्होगॅड्रो यांनी कोडे सोडविले. समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते, आणि ऑक्सिजनच्या एका रेणूत दोन अणू असतात. म्हणून दुभंगतो तो रेणू, अणू नव्हे. पण ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या गळी उतरायला १८६० नंतरचा काळ उजाडावा लागला. गे-ल्यूसॅक तर ९ मे १८५० रोजीच निवर्तले होते.

डाल्टन यांचा अधिकार मोठा होता, पण प्रयोगाचे आकडे खरे होते आणि अखेर तेच टिकले. तेव्हा विद्यार्थी मित्रहो, नियम केवळ पाठ करू नका. तो कोणी, कसा आणि कशावरून काढला, हे विचारायला शिका.