डोईवरचे वस्त्र

अरब पुरुष डोक्यावर जो रुमाल घेतात, त्यास कुफिया म्हणतात. हे चौकोनी वस्त्र कोनाकोनी दुमडून त्याची तिकोनी घडी करितात, ती डोक्यावर घेतात व वरून अगाल नावाच्या काळ्या दोरीचे दुहेरी वेढे बसवितात. ऊन, वारा व धूळ यांपासून डोके आणि मान राखावी, हा त्याचा मूळ उपयोग होय. जव्हार-मोखाड्याचा वृद्ध शेतकरी मुंडासे बांधितो, ते तरी दुसरे कशासाठी?

परंतु वस्त्र निवारा देते, तशी ओळखही देते. पॅलेस्टाईन देशी कुफिया हा खेडुतांचा व भटक्या बेदुईन लोकांचा वेश होता; शहरातील प्रतिष्ठित मनुष्य तुर्की टोपी घाली. १९३६ साली तेथे इंग्रजी अमलाविरुद्ध उठाव झाला. शहरात शिरलेला बंडकरी आपल्या रुमालावरून ओळखला जाऊन धरला जाई. म्हणून १९३८ साली बंडाच्या पुढाऱ्यांनी शहरवासीयांसही कुफिया घेण्यास फर्माविले. मग धनी कोण व कूळ कोण, हे डोक्यावरून कळेना. आपल्याकडे असहकाराच्या काळात खादीच्या पांढऱ्या टोपीने असेच काम केले.

कोणी म्हणेल, कुफिया ही मुसलमानांची खूण आहे. तसे नाही; अरब ख्रिस्ती खेडूतही ती वापरीत आले आहेत. यास्तव मुंडाशावरून किंवा रुमालावरून कोणाचा धर्म वा योग्यता ठरवू नये. आणि प्रभूकडे वळलेल्या मनुष्याने बापजाद्यांचे मुंडासे टाकिलेच पाहिजे, असेही समजू नये.